वरची खोली आणि निर्दोष माणूस

वायरमनच्या बहिणीच्या पत्राला मी बराच काळ उत्तर दिले नाही. मायना सुचत नव्हता. तिच्या भावाने आमच्या घराचे वायरिंग केले होते; पुढे एका दुकानदाराच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली. आता डीएनए तपासणीत दुकानात सापडलेले खुन्याचे रक्त भावाचे नव्हतेच असे निघाले, असे तिने लिहिले होते. सुटकेसाठी तुरुंगाला एका प्रतिष्ठित घराचा पत्ता हवा होता. आणि आमची वरची खोली रिकामी होती.

उत्तर येईना म्हणून ती स्वतःच आली. तपासणीचा अहवाल पाहून तुरुंगाच्या कार्यालयाला आनंदच झाला, असे तिने सांगितले. विज्ञानाबद्दल तिथे फार आदर आहे. अडचण एवढीच, की सुटकेचा अर्ज गुन्हेगारानेच करायचा असतो, आणि भाऊ गुन्हेगार नाही हे तर आता सिद्ध झाले होते. त्रयस्थाचा अर्ज घेता येत नाही. मग त्रयस्थाला आत कशाला ठेवलेत, असे तिने विचारले. हा मुद्दा हेडक्लार्कनी गांभीर्याने घेतला. कैदी नसताना कैद्याचे जेवण जेवल्याबद्दल आणि कैद्याची कोठडी अडवल्याबद्दल भावाला नोटीस गेली. शिवाय खरा गुन्हेगार पहिल्या दिवसापासून गैरहजर असूनही रोजच्या हजेरीला भाऊ "हजर" म्हणत आला होता. म्हणजे फरारी आरोपीला मदत.

शेवटी मोठ्या साहेबांनी दयाबुद्धीने तोड काढली. पश्चात्ताप व्यक्त करावा, पत्ता द्यावा आणि जावे.

"कशाचा करायचा तेवढं सांगा साहेब, करतो," भाऊ म्हणाला. आणि त्याने केला. साहेबांना तो पटलाही.

राहिला पत्ता. तो मिळेपर्यंत भावाने आहे तिथेच राहायचे होते.

"तुमच्याकडे नाही का चालणार?" मी चाचरत विचारले.

"सासरचे म्हणतात, निर्दोष आहे हे मान्य, पण घरात लग्नाची मुलगी आहे. काका, तुम्ही वाचणारी माणसं. तुम्हाला तरी कळतं ना?"

मला कळत होते. डीएनएवरची दोन जाड पुस्तके मी तिला कपाटातून काढून दाखवली.

ती गेल्यावर आमची ही एवढेच म्हणाली, "विज्ञानाचं ठीक आहे हो. पण जिना एकच आहे."

मग मायना सुचला. 'चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद. तुझा भाऊ निर्दोष आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. खोलीचा अवश्य विचार करू. फक्त तुरुंगातील चांगल्या वर्तणुकीचा दाखला जोडावा.' हा दाखला कैद्यालाच मिळतो, हे मला ठाऊक होते.

तरी मन खाऊ लागले. आपले चुकत असेल असे मला नेहमीच वाटते. म्हणून पाकीट खिशात ठेवून ओळखीच्या साऱ्या वाचणाऱ्या मंडळींना, म्हणजे बहुधा तुम्हालाही, विचारून पाहिले. माणूस निर्दोष आहे हे सगळ्यांना पटले. कित्येकांना तर व्यवस्थेचा संतापही आला. खोली मात्र कुणाचीच रिकामी नव्हती.

तेव्हा पाकीट टपालपेटीत टाकले.