खरातकाकांची हरकत

चित्रांची पुस्तकं वाचून मुलं हसतात, रडतात, क्वचित एखादं पान फाडतात. पण पुस्तकाची उलटतपासणी घेणारा वाचक मला आजवर एकच भेटला, आणि त्यानं सत्तरी ओलांडली होती.

मी ऑकलंडमधल्या पापाकुराच्या लायब्ररीत, लहान मुलांच्या विभागात काम करते. एका सकाळी काउंटरवर एक उंच, ताठ गृहस्थ येऊन उभे राहिले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी पँट, पायात मोजे आणि मोज्यांवर जांडल्स. इथे रबरी चपलेला जांडल्स म्हणतात. मोज्याचा अंगठा चिमटीत दाबून त्या चालवण्याची कला मात्र फक्त आपल्याकडच्या आजोबांना येते. त्यांनी माझ्या नावाची पट्टी वाचली, मी मराठीच ना याची खात्री करून घेतली आणि एक पातळ पुस्तक समोर ठेवलं.

पुस्तकात एक दांडगट वेका पक्षी छोट्या किवीचा लाल मफलर हिसकावून नेतो. बाकीचे पक्षी नुसते बघत राहतात. शेवटी किवी वेकाला केक देतो, दोघं मित्र होतात.

"मफलर परत मिळाला का?" त्यांनी विचारलं.

मी पानं उलटली. शेवटच्या चित्रात मफलर वेकाच्याच गळ्यात होता. हे पुस्तक मी कितीतरी मुलांना वाचून दाखवलं होतं, पण ही गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती.

"म्हणजे मुद्देमाल अजून आरोपीकडेच आहे, आणि फिर्यादीनं वरून केक दिला," ते म्हणाले. "या पुस्तकाला माझी हरकत आहे. नोंद घ्या."

हे खरातकाका. परभणीच्या कोर्टात सरकारी वकील होते. निवृत्तीनंतर इथे मुलाकडे राहायला आले. सकाळी नातीला शाळेत सोडायचं आणि तिथून थेट लायब्ररी गाठायची, असा त्यांचा शिरस्ता झाला. दारातल्या सिक्युरिटीवाल्याला 'किया ओरा', मला 'जय भीम', आणि मग चार वर्षांच्या मुलांसाठी ठेवलेल्या लाल स्टुलावर बसायचे. गुडघे कानाशी यायचे. मुलं त्यांना वळसा घालून आपापली पुस्तकं काढायची, जणू तो तिथला एखादा खांबच.

वाचायचे ते एकाच विषयावरचं. शाळेत कुणी छळतं, मग तो छळ सोसणारा ससा किंवा शेळी त्याला कशी सामोरी जाते. या विषयावर आमच्याकडे अख्खं शेल्फ आहे आणि काकांनी ते ओळीनं निकालात काढलं. एका गोष्टीतली मेंढी त्रास देणाऱ्यांकडे नुसतं दुर्लक्ष करते. काका म्हणाले, दुर्लक्ष हा बचाव झाला, न्याय नव्हे. एका गोष्टीतला उंदीर जादूनं हत्तीएवढा होतो आणि मांजराला पळवून लावतो. यानं कायदा हातात घेतला, काकांनी सांगितलं. आणखी एका गोष्टीत पाणघोडा घरी दुःखी असतो म्हणून शाळेत सगळ्यांना चिरडत फिरतो. त्यावर काकांनी बराच विचार केला. मग म्हणाले, आरोपीची पार्श्वभूमी शिक्षा ठरवताना बघतात, तिच्यामुळे गुन्हा पुसला जात नाही. प्रत्येक पुस्तकाचा निकाल ते काउंटरवर येऊन तोंडी देत आणि मी नोंद घेतली असं म्हणेपर्यंत हलत नसत.

मला वाटायचं, म्हातारपणी वेळ जात नाही, त्यातून लागलेला हा छंद असणार.

मग एक दिवस ते नातीला घेऊन आले. सात वर्षांची, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. मी नाव विचारलं. तिनं आजोबांकडे न बघता 'सॅम' म्हणून सांगितलं आणि पुस्तकांत शिरली. काकांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. नातीचं नाव संघमित्रा. वर्गातल्या इस्ला नावाच्या मुलीनं त्याचं 'सँडविच' केलं होतं. हजेरीत नाव आलं की मॅटवर बसलेली निम्मी मुलं तोंडानं मचमच आवाज काढायची. शेवटी पोरीनं शिक्षिकेला विनवलं, मला सॅम म्हणा. आईवडिलांना त्यात फार काही वावगं वाटलं नाही. मुलगा प्रशांत स्वतः ऑकलंडच्या ऑफिसात 'प्रॅस' झालेला होता. काकांना हे कळलं ते शाळेच्या फाटकापाशी. त्यांनी नेहमीसारखी पूर्ण नावानं हाक मारली, तेवढ्यात पोर धावत आली, उडी मारून तिनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, डोन्ट से इट सो लाउड."

"शिक्षिकेला भेटलो," काका म्हणाले. "बाई चांगल्या आहेत. मुलांना शिकवतात, तळहात पुढे करून म्हणायचं, थांब, मला हे आवडत नाही. पण ही विनंती झाली." मग म्हणाले, "मी जन्मभर मोठ्या माणसांचे खटले चालवले. सात वर्षांच्या मुलीचा कसा चालवतात, मला ठाऊक नाही. म्हणून वाचतोय. यातलं एकही पुस्तक तिच्या हातात ठेवावंसं वाटत नाही."

मग तुम्हीच लिहा एखादं, असं मी म्हणून गेले. काकांसमोर असं सहज काही म्हणून चालत नाही, हे मला एव्हाना कळायला हवं होतं. दोन दिवसांत मजकूर तयार होता. सुरुवात अशी: 'सदर गोष्टीतील फिर्यादी मैना ही सज्ञान नसून...'

चित्रं संघमित्रानं काढायची होती. शाळा सुटली की दोघं खिडकीजवळच्या टेबलावर बसायची. काका मराठीत बोलत, ती इंग्रजीत उत्तरं देई, आणि भांडण दोन्ही भाषांत चाले. मैना घ्यायची हे मात्र दोघांना पटलं होतं. लायब्ररीसमोरच्या हिरवळीवर मैनांचे थवे असतात. इथल्या लोकांना त्यांचा कलकलाट नकोसा होतो. काका कौतुकानं बोट दाखवायचे, बघ, या आपल्याकडच्या, इतक्या लांब आल्या, पण आवाज सोडला नाही.

गोष्ट अशी: तुई नावाचा देखणा, गोड गळ्याचा पक्षी मैनेला, इंग्रजीतल्या 'मायना'चं 'मायनस' करून चिडवतो. काकांच्या मसुद्यात मग घुबडापुढे रीतसर खटला उभा राहायचा, साक्षी व्हायच्या आणि तुईला फुललेल्या झाडावर यायला एका हंगामाची बंदी व्हायची. संघमित्रानं ही सगळी पानं काढून टाकली.

"आजोबा, द आउल इज अस्लीप. इट्स डेटाइम."

दिवसा घुबड झोपलेलं असतं, हे काकांनी मान्य केलं. तेव्हा तिनं विचारलं की कोर्टात समोरचा खोटं बोलायला लागला की तुम्ही काय करायचा. ते म्हणाले, उठून उभा राहायचो आणि म्हणायचो, हरकत आहे. बसून हरकत घेता येत नाही. तिनं विचारलं, जज झोपले असतील तरी?

"झोपले असतील तर जरा मोठ्यानं," काका म्हणाले.

पुस्तकाला शेवट मिळाला तो असा. तिथून पुढे आमच्या विभागात तालीम सुरू झाली. खुर्चीतून उठायचं, पाय रोवायचे, मग बोलायचं. विशेषणं लावायची नाहीत. ती वाईट आहे, दुष्ट आहे असं म्हणायचं नाही. तिनं काय केलं ते सांगायचं आणि आपल्याला काय हवंय ते मागायचं. मधूनच ते तिला अशोकाच्या मुलीची गोष्ट सांगायचे, बोधिवृक्षाची फांदी घेऊन ती समुद्र ओलांडून श्रीलंकेला कशी गेली ते. त्या संघमित्रालाही तिकडे चिडवत होते का, असं हिनं विचारलं. तशी नोंद मिळत नाही, काका म्हणाले, पण तिनं नाव बदलल्याचीही नोंद नाही.

दर महिन्याला शाळेचा एकेक वर्ग आमच्याकडे येतो. यावेळी संघमित्राच्या वर्गाची पाळी होती आणि पुस्तक तिनंच वाचून दाखवायचं ठरलं. काका त्या दिवशी काळा कोट घालून आले. तो परभणीहून सामानात आणलेला होता. मागच्या शेल्फापाशी हात बांधून उभे राहिले.

ती छान वाचत होती. चित्रं दाखवत होती, पान हळू उलटत होती. तुईनं मैनेला 'मायनस' म्हटलं त्या पानावर ती आली आणि मॅटवरून हलकेच आवाज आला, 'सँडविच.' पाठोपाठ मचमच. दोनचार मुलं खिदळली.

ती थांबली. शिक्षिका उठायला लागल्या. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी शेल्फाची कड घट्ट धरली होती, पण जागचे हलले नाहीत.

संघमित्रानं पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि ती उभी राहिली.

"आय ऑब्जेक्ट," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, तरी पार मागच्या भिंतीपर्यंत पोहोचला. मग ती इंग्रजीतच बोलली. इस्ला, तू मला रोज सँडविच म्हणतेस आणि तोंडानं आवाज काढतेस. माझं नाव संघमित्रा आहे. मला तुझ्याकडून ते ऐकायचंय.

मग मागच्या कोपऱ्यातला एक धिप्पाड सामोअन मुलगा सावकाश उभा राहिला. आय ऑब्जेक्ट टू, तो म्हणाला. सगळे त्याला सेम म्हणतात, पण त्याचं नाव सेमीसी आहे. त्याच्या शेजारची मुलगी उठली. तिला लिली म्हणतात, ती शाओली होती. लाल केसांच्या एका पोरानं 'कॅरट' या शब्दाला हरकत घेतली. बघता बघता सगळं मॅट उभं राहिलं. आपलं नाव कुणीच बिघडवत नाही म्हणून हिरमुसलेल्या एका मुलानं लायब्ररीत बिस्किटं देत नाहीत याला हरकत घेतली. मी तीही मान्य केली.

बसून राहिली ती एकटी इस्ला. चेहरा लाल झाला होता. शिक्षिका तिच्याजवळ खाली बसल्या आणि काहीतरी हळू बोलल्या. इस्लानं सुरुवात केली, अडखळली. संघमित्रानं तिला नाव तोडून दिलं: संघ, मित्रा. इस्लानं ते पुन्हा म्हटलं. 'घ' काही जमला नाही, पण बाकी सगळं होतं. मग कुणी न सांगता ती 'सॉरी' म्हणाली.

संघमित्रानं क्षणभर विचार केला, 'थँक यू' म्हणाली, खुर्चीत बसली आणि राहिलेली पानं वाचून पूर्ण केली. मैनेनं झाडाच्या शेंड्यावर उभं राहून आपलं नाव सांगितलं, तिथे गोष्ट संपत होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दोघींची मैत्री झाली की नाही, मला ठाऊक नाही. पण वर्ग परत निघताना शिक्षिकेनं दारात नावं घेतली, तेव्हा 'सॅम' कुणी नव्हतं. पूर्ण नाव घेतलं गेलं आणि कुणीही तोंड वाजवलं नाही.

काकांनी कोटाची बटणं काढली. साक्षीदार उत्तम होती, एवढंच म्हणाले. मग बराच वेळ बाहेर जाऊन उभे राहिले.

पुस्तकाला आम्ही प्लास्टिकचं वेष्टन घातलं. मुखपृष्ठावर संघमित्रानं जाड मार्करनं लिहिलं होतं: गौतम खरात आणि संघमित्रा खरात. त्यांचं पहिलं नाव मला तेव्हा कळलं. लायब्ररीचं कार्ड सुनेच्या नावावर होतं आणि मी काकांना काका म्हणायचे.

काका त्या मुखपृष्ठाकडे बघत राहिले. म्हणाले, मी आणि आमच्या शकुंतलाबाई लॉ कॉलेजात एका वर्गात. लग्नानंतरही ती मला नावानंच हाक मारायची. परभणीला गल्लीभर चर्चा व्हायची. आतून 'गौतम' अशी हाक यायची आणि हातातली फाइल टाकून मी ओ द्यायचो. ती गेल्यावर पप्पा म्हणणारे आहेत, आजोबा आहेत, साहेब आहेत. नावानं बोलावणारं कुणी उरलं नाही. हे सगळं त्यांनी दुसऱ्या कुणाची केस सांगावी तसं सांगितलं.

आठवड्याभरात एक टोंगन आजी कडेवर नातू घेऊन आल्या. पुस्तकांच्या टोपलीतून त्यांनी तेच पुस्तक उचललं, बीनबॅगवर बसल्या आणि मुखपृष्ठावरचं नाव नातवासाठी बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागल्या.

"गाऊ... टाम. गाऊटाम."

पलीकडच्या टेबलावर काका वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते. डोकं वर न करताच ते म्हणाले, "ओ."