जुन्या मशीनची वायर

आमच्या नातीचं, आचलचं लग्न झालं ते साल २०२३. त्याच महिन्यात मूल गावच्या आमच्या राइस मिलमधला जुना सर्व्हर, म्हणजे हजेरीची मशीन, रिटायर झाला. मी मिलचा शिपाई, केवळराम. दोन नव्या मशिनी आल्या, एक ऑफिसात, एक गोदामात. कामगारांची यादी त्या एकमेकींना कळवणार होत्या. जुनी मशीन वायरीसकट स्टोअरच्या खोलीत ठेवली. मी छाती ठोकून सांगितलं, "साहेब, तिले कोणी हात नाई लावणार! मी हावो ना!"

कोणी लावलाच नाही. मीच लावला!

जुन्या यादीत माझ्या बायकोचं, गिरजाचं नाव होतं. ती मिलमध्ये झाडलोट करायची. प्रौढ वर्गात आधी ती शिकली, मग तिनं मला शिकवलं. मी वाचलेला पहिला शब्द तिचं नाव. नव्या यादीतून ते कमी केलं होतं. म्हणून रोज सकाळी ऑफिस उघडलं की मी जुनीचा खटका दाबायचो, चहा होईस्तोवर नाव बघायचो आणि बंद करायचो. कुणाचं काय बिघडणार?

सगळंच बिघडलं! दोन्ही मशिनी रुसलेल्या जावांसारख्या एकमेकींशी बोलेनात. कमी केलेली नावं यादीत परत! मॅनेजर गुणवंतराव हजेरीचा कागद नाचवत आले.

"केवळराम! लटारू रिटायर होऊन तीन वर्षं झाली, अन् आज त्याची गैरहजेरी लागली! अन् गिरजाबाई पण गैरहजर..."

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. मग मला लिंबू-मिरच्या आणायला पाठवलं. मीच आणल्या, मीच नव्या मशीनला बांधल्या!

चंद्रपूरहून इंजिनिअर दिव्यानी चार वेळा आली. चौथ्यांदा म्हणाली, "साहेब, जुनी मशीन कोणीतरी चालू करून राह्यलं. तेच जुनी नावं पाठवते. भंगारात देऊन टाका तिले."

"नको!" मी ओरडलो, आणि सगळं सांगून मोकळा झालो.

"मंग लिंबू काऊन बांधलं बे?" गुणवंतराव म्हणाले.

"तुमीच सांगतलं ना, साहेब!"

दिव्यानी हसली नाही. तिनं मशीनमागची, नव्या मशिनींना जोडणारी निळी वायर उपसून घेतली.

"काकाजी, मशीन घरी न्या. बिजली लावा, नाव पाहत बसा. ही वायर मात्र मी नेतो. आता तिचं नाव कुठीच जाणार नाई."

गुणवंतरावांनी मान हलवली, आणि नाक पुसत बाहेर गेले.

मशीन आता देव्हाऱ्याशेजारी असते. चालू केली की घोरते, अगदी गिरजासारखी! हे आचलला सांगू नका.

गिरजा २०२२ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या सकाळी वारली.