माणिकमामांनी पास केलेली खोली

परभणीत मला घर मिळालं ते माणिकमामांमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना वेड्यात काढाल.

मामा भाड्याची खोली बघायला गेले की आत शिरतात, डोक्याखाली टॉवेल घेतात आणि रिकाम्या फरशीवर सरळ आडवे होतात. तेही भर दुपारी दोन वाजता. घरमालक उभा, आपण उभ्या, आणि मामा डोळे मिटून पडलेले. "खोली उभ्यानं कळत न्हाई," म्हणतात. "माणूस घरी थकून येतो. थकून पडल्यावर कशी लागती ते बघावं."

मामांची सगळी नोकरी गल्लोगल्लीचं नळाचं पाणी सोडण्यात गेली. कुठल्या गल्लीत पाणी कधी येतं आणि कुणाच्या दारापर्यंत येताना त्याचा दम संपतो, हे त्यांना तोंडपाठ. म्हणून खोलीच्या आधी ते शेजारच्या दारात जातात. "बाई, तांब्याभर पाणी देता का?" बाईनं चटकन दिलं तर गल्लीत पाणी आहे. आधी हंड्यात वाकून बघितलं तर नाही. आणि "बसा की काका" म्हणाली तर शेजारही चांगला.

मी मूळची गुहागरकडची. सातवीत शाळा सुटली, लग्नानं इकडे आणलं. नवरा गेल्यावर सासरी जागा उरली नाही, तेव्हा परभणीतल्या एका खानावळीत पोळ्या लाटायला लागले. झोपायला तिथलीच धान्याची खोली. मुलगी माझ्या आईकडे कोकणात. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत तिला आणायची, तर घर पाहिजे. मामा त्याच खानावळीत दोन्ही वेळा जेवायचे. माझी धडपड त्यांच्या कानावर गेली, तसे ताटावरून उठता उठता म्हणाले, "उद्या दुपारी चल. टॉवेल मी घेतो."

पंधरा दिवसांत त्यांनी सहा खोल्या नापास केल्या. पहिली पत्र्याची. "ही खोली न्हाई, भट्टी हाय. पोरगी भाजून निघंल." दुसरीचा नळ गल्लीत सगळ्यात शेवटी. "पाणी इथवर येता येता म्हातारं होतंय." तिसरीत मात्र रंग, फरशी, भिंतीला आरसा, सगळं झकास. मी मनातल्या मनात पातेली मांडूनसुद्धा झाले होते. मामा उठले आणि त्यांनी भिंतीला नाक लावलं. "ओल हाय. निस्ता रंग फासलाय. पावसाळ्यात पोरीची पुस्तकं बुरसतील."

मालक चिडला. "तुमाला राहायचंय का भिंत हुंगायचीय?"

"राहायचंय तिला. म्हणून मी हुंगायलोय."

मला रडूच यायचं. मे संपत आला होता आणि मामांना कसली घाई नव्हती. "मामा, मला राजवाडा नको हो!"

"राजवाडा कोन मागायलंय? पाणी, सावली आन् आतून नीट लागणारी कडी. लय झालं का?"

सातवी खोली तळमजल्यावर होती. वर मालकीणबाई राहायच्या, त्यामुळे ऊन आधी त्यांच्या वाट्याला. समोर कडुनिंब. मामा आडवे झाले आणि चक्क घोरायला लागले. मी हाका मारल्या, हलवलं, काही नाही. मालकीणबाई घाबरल्या. "अगं बाई, म्हाताऱ्याला ऊन लागलं की!" धावत गेल्या आणि भरलेली बादलीच घेऊन आल्या. सपकन पाणी मामांच्या तोंडावर.

मामा उठून बसले. मिशा निथळत होत्या, पण नजर बादलीवर. "नळ येऊन आठ दिस झालेत, आन् तुमच्याकडं वतायला बादलीभर पाणी हाय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ठरलं. खोली पास."

पण बाईंचं ठरलं नव्हतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एकटी बाई. बोलणं बी इकडचं न्हाई. इथं तुझं कोन हाय?"

कोण होतं माझं?

"मामा हाय की," टॉवेलनं तोंड पुसत मामा म्हणाले. "तुमच्या म्होरंच बसलाय."

"सख्खा?"

"परका असतो तर एवढं पाणी तोंडावर घेऊन गप बसलो असतो का?"

बाई हसल्या आणि चावी आणायला वर गेल्या.

दूध उतू घालायच्या सकाळी मामा इस्त्रीचा सदरा घालून आले. हातात नारळ आणि हिरवा खण. स्वतः दाराशीच थांबले, खण खानावळ चालवणाऱ्या काकूंकडे दिला. "तुमी भरा हिची वटी. मामाकडची म्हणून भरा." आणि अंगणातल्या सावलीत जाऊन पाठमोरे उभे राहिले.

ते गेल्यावर मी काकूंना विचारलं, "मामांची बहीण कुठल्या गावी दिलीय?"

"त्याला कुठली बहीण? सख्खं न्हाई, चुलत न्हाई. सगळं गाव मामा म्हणतंय, पण खण घ्यायची वेळ कुणी आणली न्हाई त्याच्यावर. कालपास्नं तीन दुकानं फिरलाय."

आता माझी मुलगी इथल्या शाळेत जाते. कुणी पत्ता विचारला तर मी तो मोठ्यानं सांगते.

मामांना हल्ली चालताना धाप लागते. दवाखान्यात गेले की कागदावर नातेवाइकाच्या नावाची जागा ते कोरीच ठेवतात, असं काकूंकडून कळलं. ती जागा एक दिवस मी भरीन. सातवीपर्यंतच शिकले, पण माझं नाव मला ठळक लिहिता येतं. आणि पुढे नातं लिहीन: भाची.