भिंतीपलीकडच्या सासूबाई

हॉलमध्ये एक फळी लावायची, एवढंच ठरलं होतं. फार काही नाही हो, थोडी पुस्तकं, एक कुंडी आणि माझ्या चष्म्याला हक्काची जागा. बायको म्हणाली, "सुताराला बोलव." मी म्हणालो, "एका फळीसाठी सुतार? लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणणार नाहीत. मी म्हणेन, नंतर."

(तिच्या तोंडून 'नंतर' आलं की सावध व्हायचं, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही जमलेलं नाही.)

आता आमच्या हॉलची ती भिंत जिप्सम बोर्डाची. म्हणजे आत लाकडी चौकट, दोन्ही बाजूंना पातळ तक्ते आणि मध्ये नुसती हवा. भिंतीपलीकडे छोटी खोली, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या खोलीत माझ्या सासूबाई. आईने आता कायमचं इथेच राहावं, ही बायकोची एकच इच्छा. आणि सासूबाईंचं एकच पालुपद, "गुडघा चालायला लागला की मी आपली माझ्या घरी." तिकडे त्या अगदी एकट्या. रोज माय-लेकींचं दबक्या आवाजात भांडण व्हायचं आणि रोज बायको डोळे पुसत स्वयंपाकघरात जायची. मी या वादात नव्हतो. सासूबाई आणि मी एकमेकांशी फार अदबीने वागायचो, म्हणजे बोलायचोच नाही. "जेवलात?" "हो. तुम्ही?" "हो." संपली मैफल.

तर फळी लागली. सरळ लागली! मी बायकोला हाक मारली, "ये, फोटो काढ," आणि फोटोत जरा ऐटदार दिसावं म्हणून फळीवर कोपर टेकवलं. पुढचं मला नीट आठवत नाही. मी खाली, फळी माझ्यावर, कुंडी आमच्या दोघांवर, आणि भिंतीला परातीएवढं भोक. बायकोने फोटो मात्र काढलाच.

"आता तरी सुतार?" तिने विचारलं.

"मुळीच नाही. पाडलं मी, बुजवणारही मीच."

मोबाईलवर 'नवशिक्यांसाठी भिंत दुरुस्ती' असा व्हिडिओ सापडला. त्यातला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून हसतहसत काम करत होता. त्याचं म्हणणं, भोक वेडंवाकडं असेल तर आधी ते मोठं करून चौकोनी कापून घ्या. मग आतून लाकडी पट्ट्या स्क्रूने बसवा, त्यांवर बोर्डाचा तुकडा स्क्रूने घट्ट करा, कडांना टेप, वरून लांबी (म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी), घासकाम, रंग. भोक बुजवण्यासाठी आधी ते वाढवायचं, ही कल्पना मला मनापासून आवडली. वाढवणं मला जमण्यासारखं होतं.

हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"करवत द्या."

"छोटी की मोठी?"

"भोक मोठं आहे."

"मग मोठी घ्या," दुकानदार म्हणाला. (दोन अडाणी माणसं एकमेकांशी इतक्या आत्मविश्वासाने बोललेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत.)

घरी आलो आणि जोरात कापायला लागलो. जरा वेळाने पलीकडून शांत आवाज आला.

"जावईबापू, इकडे करवत आलीये."

"काय?"

"करवत हो. आत येते, बाहेर जाते. तुमचं चालू द्या, मी आपली बाजूला सरकलेय."

मी थांबलो. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. एका बाजूच्या भोकाचं आरपार भोक झालं होतं आणि त्यातून चष्मा लावलेल्या सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. बायको धावत आली. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "अगंबाई! इथून टीव्ही दिसतो की!"

पट्ट्या, तुकडे आणि सामान जमवेपर्यंत भोक तसंच राहिलं. सासूबाईंनी आपली खुर्ची त्याच्यासमोर आणली. तिथे बसून त्या वाटाणे सोलायच्या, मालिकेतल्या सुनांना शिव्या घालायच्या, मी ऑफिसला निघालो की "छत्री घेतलीत का?" म्हणून विचारायच्या. बायको भोकातून चहा आत द्यायची, रिकामा कप भोकातून बाहेर यायचा. घरात हसण्याखिदळण्याचे आवाज येऊ लागले. मी मात्र लाजेने अर्धा झालो होतो. पाहुणे येतील तर काय सांगायचं?

पट्ट्या बसवायच्या दिवशी बायको बाहेर गेली होती. मी भोकात हात घालून पट्टी आतून धरली, दुसऱ्या हाताने ड्रिल चालवलं आणि स्क्रू असा काही घट्ट बसवला की बस! पण हात बाहेर येईना. बोर्ड, माझी बाही आणि पट्टी, तिघं एकत्र आवळले गेले होते. ड्रिल हातातून निसटून भिंतीच्या पोकळीत पडलं.

"अडकलात का?" पलीकडून विचारणा झाली.

"छे छे! जरा टेकलोय."

"बरं. टेका."

थोड्या वेळाने मीच म्हणालो, "आई, तुमच्याकडे कात्री आहे का हो?"

"आहे. पण शर्ट चांगला आहे. लेक येऊ दे, ती स्क्रू काढेल. तोवर बोला काहीतरी."

काय बोलणार? पण हात अडकल्यावर माणूस मोकळा होतो. मी ऑफिसातल्या साहेबांबद्दल बोललो. त्यांनी माझ्या सासऱ्यांबद्दल सांगितलं. सासरे एकदा नळ दुरुस्त करायला गेले आणि शेजाऱ्यांचं पाणी बंद करून आले! हसताहसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते गेल्यापासून घरात ठोकाठोकीचा आवाज नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी भोकातून हात घालून मला पाणी पाजलं. बायको आली तेव्हा आम्ही दोघं मालिका बघत होतो.

त्या दिवसापासून मी स्क्रूचा धसका घेतला. पुढचं सगळं काम लांबी फासून चिकटवलं. पट्ट्या लांबीने, इकडचा तुकडा लांबीने, तिकडचा तुकडाही लांबीनेच. मग टेप, घासकाम, रंग. घासताना इतकी धूळ उडाली की दूधवाल्याने मला "आजोबा" म्हटलं. पण भिंत! हात फिरवला तर सांधा कळत नव्हता. आयुष्यात मी इतकं सुबक काही केलं नव्हतं. मी खुर्ची घेऊन भिंतीसमोर बसलो आणि तिच्याकडे बघत राहिलो.

पलीकडे मात्र सगळं चिडीचूप. दुसऱ्या दिवशी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "गुडघा आता बरा आहे. बॅग काढ गं. उद्या निघते."

बायको घास टाकून उठली. मी मागोमाग स्वयंपाकघरात.

"धुळीचा त्रास झाला का त्यांना?"

"नाही."

"रंगाचा वास?"

"अरे, तुला खरंच कळत नाही? त्या भोकामुळे ती आपल्यात होती. तू परत तिला खोलीत कोंडलंस. आयुष्यात एक काम नीट केलंस आणि नेमकं तेच नको होतं!" ती रडायलाच लागली.

मी हॉलमध्ये आलो. भिंतीकडे पाहिलं. सांध्याच्या जागेवरून एकदा हात फिरवला. पण बायकोचं रडणं ऐकवत नव्हतं, आणि तिकडे आपल्या घरात सासूबाई एकट्या बसल्यात हे चित्रही डोळ्यांपुढून हलेना. मी हातोडा उचलला. मनात वाक्यसुद्धा जुळवलं, 'आई, तुमच्यासाठी मी माझी भिंत फोडतोय!' फोडण्याआधी त्यांना सावध करावं म्हणून भिंतीवर हलकेच टकटक केलं.

"आई, जरा बाजूला सरक—"

धप्प! माझा तुकडा आत गेला, त्याने पलीकडच्या तुकड्याला धक्का दिला आणि दोन्ही तुकडे, पट्ट्यांसकट, सासूबाईंच्या पायाशी जाऊन पडले. हातोडा माझ्या हातात तसाच राहिला. भोकातून धूळ आली आणि धुळीमागून सासूबाईंचा चेहरा. त्या लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या.

"अगं, बॅग राहू दे!" त्यांनी लेकीला हाक मारली. "टीव्ही लाव आधी!"

पुढे सुतार आला. त्याने भोकाला छान चौकट केली, दोन झडपा लावल्या. झडपांना मला पडदा लावायचाय, पण हातोडा बायकोने कुठेतरी लपवून ठेवलाय. मी भिंत फोडायला निघालो होतो, हे मी तिला किती वेळा सांगितलं! तिचा विश्वास बसत नाही.

परवा सासूबाई बहिणीशी फोनवर बोलत होत्या. झडप उघडीच होती.

"छे गं, आता कुठली जाते! इथेच राहणार. जावई? फार गुणी आहेत गं! त्यांनी केलेलं काही म्हणता काही टिकत नाही, पण पडतं मात्र अगदी वेळेवर."