गव्हर्नरच्या घरातली ओल

"म्युझियम पाचला बंद होतं," साडूभाऊ म्हणाले, "आणि आत्ताच चार वाजून दहा मिनिटं झालीत. इतिहास कुणासाठी थांबत नाही."

चढावर मधोमध उभं राहून, दम खात खात ते हे बोलले. त्यांच्या मागे हेडक्लार्क होते. नुकतेच निवृत्त झालेले, पण ऑफिसातल्या सगळ्यांइतकेच आता घरातलेही त्यांना हेडक्लार्कच म्हणायचे. त्यांच्याही मागे थोरली आणि धाकटी या दोघी सख्ख्या बहिणी. थोरली हेडक्लार्कांची बायको, धाकटी साडूभाऊंची. सहल ठरवली होती साडूभाऊंनी. चारशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर परदेशी लोकांचं पहिलं जहाज लागलं, ते लोक पाणी भरून घ्यायला म्हणून उतरले आणि परत जायचं विसरले. त्यांचा किल्ला, त्यांची वखार, त्यांची दफनभूमी असं सगळं दोन दिवसांत बघून झालं होतं. राहिलं होतं ते पहिल्या गव्हर्नरचं घर.

साडूभाऊंच्या हातात एक जुनी माहितीपुस्तिका होती. ती वाचल्यापासून त्यांचा स्वभाव पार बदलला होता. एरवी ते विमा कंपनीत होते.

"निळ्या खिडक्यांचं दगडी घर," त्यांनी मोठ्याने वाचलं. "हे काय समोरच!"

घर समोर होतं, दगडी होतं, खिडक्या निळ्या होत्या. आता म्युझियमवाल्यांनी गेल्याच वर्षी आपल्या खिडक्या पांढऱ्या रंगवल्या होत्या आणि हे घर म्युझियमच्या शेजारचं होतं, हे पुस्तिकेत कुठून असणार?

साडूभाऊंनी दारावर थाप मारायच्या आतच दार उघडलं. पदराला हात पुसत एक तिशीतली बाई उभी होती.

"चारची वेळ दिली होती ना?" ती म्हणाली. "असू दे, या. आधी खालचं दाखवते, मग माडी."

"बघा," साडूभाऊ हेडक्लार्कांच्या कानात कुजबुजले, "वेळेवर सोडतात. शिस्त! ती त्यांच्याकडूनच आलेली."

"तिकीट?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"व्यवहाराचं शेवटी बोलू," बाई म्हणाली. "आधी पसंत तर पडू दे."

तिने पुढची खोली दाखवली. भिंतीवर जमिनीपासून कमरेपर्यंत ओल चढली होती. बाईने घाईघाईने त्या भिंतीसमोर खुर्ची सरकवली, पण साडूभाऊंनी ती बाजूला केली आणि भिंतीवर तळहात टेकवून डोळे मिटले.

"मूळची आहे," ते म्हणाले.

"काय?"

"ओल. अस्सल आहे. हल्ली अशी करून मिळत नाही."

बाई जरा गडबडली. "म्हणजे... गिलावा केला की जाईल ती. पावसात थोडी वर चढते, पण..."

"चढू दे!" साडूभाऊ कळवळून म्हणाले. "बाई, तुम्हाला हात जोडतो, हिला काही लावू नका. जशी आहे तशी ठेवा."

लग्न होऊन आल्यापासून बाईने या ओलीबद्दल पुष्कळ ऐकलं होतं, स्वतःही पुष्कळ बोलली होती. पण तिच्यासाठी कुणी हात जोडलेले तिने पहिल्यांदाच पाहिले. तिच्या चेहऱ्यावर आशा उमटली. गिऱ्हाईक वेडं असलं तर बरंच, असा तिने विचार केला असावा.

स्वयंपाकघरात गॅसवर पातेलं रटरटत होतं. धाकटीने झाकण काढून वास घेतला. "अगं बाई, अगदी खरा वाटतो!" असं म्हणून तिने डाव बुडवला आणि चाटून पाहिला. "मीठ कमी आहे."

"त्या काळी कमीच खायचे," साडूभाऊंनी खुलासा केला.

"बाबांना रक्तदाब आहे म्हणून..." बाई पुटपुटली.

हेडक्लार्क मात्र टेबलापाशी थबकले होते. तिथे विजेचं बिल पडलं होतं. चौतीस वर्षं कागद वाचण्यात गेलेली. नजर आपोआप वळली.

"साडूभाऊ, हे चालू महिन्याचं आहे."

"मग? म्युझियमला दिवे नकोत?"

"शेवटची तारीख उलटून गेलीय."

"तुम्ही इतिहास बघायला आलात की बिलं तपासायला?"

हेडक्लार्कांनी बिलावरची नजर काढली. मोरीतल्या मगात दात घासायचे तीन ब्रश दिसले, ते त्यांनी नुसते मोजले. प्रत्येक सहलीत एकाला सगळं कळत असतं आणि दुसऱ्याने बॅगा उचलायच्या असतात. दोन दिवस बॅगा उचलून त्यांच्यात वाद घालायची ताकद उरली नव्हती.

माडीवर मोठा शिसवी पलंग होता आणि पलंगावर एक म्हातारा डोळे मिटून पडला होता.

"अय्या, पुतळा किती हुबेहूब केलाय!" थोरली म्हणाली. "नाकातले केससुद्धा!"

पुतळा खोकला आणि उठून बसला. थोरली किंचाळून नवऱ्यामागे लपली.

"नट आहे गं," साडूभाऊ हसले. "हल्ली नट ठेवतात. गव्हर्नरचं काम करतोय तो." मग त्यांनी पलंगासमोर अदबीने वाकून विचारलं, "गव्हर्नरसाहेब, आपण इथे कसे आलात?"

म्हाताऱ्याने एकदा त्या बाईकडे, म्हणजे आपल्या सुनेकडे, पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे. पण त्याच्याशी बोलायला फारसं कुणी येत नसावं. तो म्हणाला, "लग्न करून. सासऱ्यांचं घर हे."

"ऐका! स्थानिकांच्या मुलीशी लग्न! पुस्तिकेत आहे हे. आणि मग?"

"मग काय, चार दिवस राहतो म्हटलं. आधी एक खोली दिली त्यांनी. मग पोरं झाली, खोली पुरेना, म्हणून माडी घेतली. मग मेहुणा नोकरीला बाहेरगावी गेला, त्याच्या खोलीत माझ्या पेट्या ठेवल्या."

"आणि सासरे?"

"ते ओसरीवर झोपायचे. वारा चांगला येतो तिथे."

साडूभाऊ भारावून गेले. "पाहिलंत? वसाहतवाद आहे हा, हेडक्लार्क! एवढा सोपा करून मला कुणी सांगितला नव्हता." त्यांनी म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. "आपण हे सगळं असंच ठेवा. एक चिरासुद्धा हलवू नका."

म्हातारा त्यांच्याकडे बारीक डोळ्यांनी बघत राहिला. "पाडायचं नाही म्हणता?"

"पाडायचं? असं बोलवतं तरी कसं?"

सून जिन्यात उभी होती. तिने हेडक्लार्कांना हळूच सांगितलं, "तीन वर्षांत बाबांनी येईल त्याला नाही म्हटलंय. घरावर जीव आहे त्यांचा. तुमच्या भावांनी जिंकलंच त्यांना." तिचे डोळे भरून आले होते.

हेडक्लार्क एक पायरी खाली उतरले. "बाई, एक विचारू का? हे घर..."

तेवढ्यात खालून हाक आली आणि एक जाडजूड गृहस्थ काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन धापा टाकत माडीवर पोचले. ते बिल्डर होते. चारची वेळ त्यांचीच होती, पण वाटेत गाडीचं चाक पंक्चर झालं होतं.

"माफ करा, उशीर झाला," ते म्हणाले. "आजोबा, मोजमाप घेऊन टाकू. पायापासून उखडून सहा मजले उभे करतो, वरचा तुम्हाला."

साडूभाऊ ताडकन वळले. "काय उखडता?"

"हे. घर."

"अहो, शरम वाटत नाही? चारशे वर्षं उभी असलेली वास्तू! उद्या आमच्या नातवंडांना काय दाखवायचं? तुमचे सहा मजले?"

"हे कोण?" बिल्डरने सुनेला विचारलं.

"हे... आधी आलेत," सून म्हणाली. "यांना फार पसंत आहे. ओलीसकट."

बिल्डर सावध झाला. "किती देतायत?"

"किती?" साडूभाऊंचा आवाज चढला. "मोल करता येतं याचं? सांगून ठेवतो, या घराची किंमत होऊच शकत नाही! आणि आम्ही असेपर्यंत तुमचा हात याला लागणार नाही!"

धाकटीने टाळ्या वाजवल्या. बिल्डर गुंडाळी पुन्हा काखेत मारून जिना उतरला. जाताना त्याने फक्त त्या ओल्या भिंतीकडे वळून एकदा नीट बघितलं. आपल्याला न दिसलेलं असं या भिंतीत काय आहे, ते त्याला कळेना.

"झकास," म्हातारा म्हणाला. "मग बयाणा कधी देताय?"

"कसला बयाणा?"

"घराचा."

मग हेडक्लार्कांनी, ऑफिसात चुकलेली नोंद खोडतात तशा आवाजात, सगळं उलगडून सांगितलं. आम्ही प्रवासी. पुस्तिका जुनी. खिडक्या निळ्या.

सून भिंतीला टेकली. "म्हणजे तुम्ही घेणार नाही?" ती म्हणाली. "तीन वर्षांनी एक माणूस मोजमापापर्यंत आला होता हो. त्या ओलीने माझ्या नवऱ्याच्या छातीची वाट लागलीय. तो रात्र-रात्र बसून काढतो. आणि तुम्ही तिला हात जोडता?"

साडूभाऊंनी माहितीपुस्तिका मिटून खिशात घातली. चौघं खाली उतरले. धाकटीने जाता जाता पातेल्यावर झाकण ठेवलं.

लॉजवर हेडक्लार्कांना झोप लागली नाही. सकाळी उठल्याबरोबर ते म्हणाले, "मी माफी मागायला जातोय. तुम्ही पण चला."

"मी कशाला?"

"भाषण तुम्ही केलंत."

थोरलीने फळांची पिशवी घेतली आणि नऊ वाजता चौघं पुन्हा निळ्या खिडक्यांसमोर उभे राहिले. दार सताड उघडं होतं. आत सून पेट्या भरत होती आणि गुणगुणत होती. शेजारी खुर्चीवर बसून म्हातारा चहा पीत होता.

"या या!" त्याने हात केला. "तुमचीच आठवण काढत होतो. तो बिल्डर सकाळी सातलाच आला. आकडा वाढवूनच आला! कुणीतरी शहाणी पार्टी मागे लागलीय, असं वाटलं त्याला. सही करून टाकली मी."

साडूभाऊ एक पाऊल पुढे आले. "पण आजोबा, तुमचा तर या घरावर जीव..."

"घरावर?" म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "तीन वर्षं नाही म्हणत होतो ते भाव वाढावा म्हणून. हिला तसं सांगितलं असतं तर हिनेच बाजारभर केलं असतं. जीव कसला? ओलीवर कुणाचा जीव असतो का?"

सुनेने सासऱ्याकडे असं पाहिलं, की त्याने लगेच कप पुन्हा उचलला. मग ती हसायलाच लागली आणि तिने थोरलीच्या हातात चहाचा कप दिला.

साडूभाऊ एकटेच भिंतीसमोर उभे होते. काल हात टेकला होता तिथे पंजाचा ठसा तसाच उमटून राहिला होता. "पण मग," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "इतिहासाचं काय?"

"तो शेजारच्या घरात," म्हातारा म्हणाला. "दहाला उघडतो."