यमकात मेलेला ब्लाझ

तुर्कांनी सिगेटच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्यावरचं काव्य एकदाचं पुरं झालं. ते छापायला व्हेनिसच्या गलबतावर चढवायचं आणि आठवडाभर झोपायचं, असं झादर शहरच्या कवी कर्शेवानने ठरवलं होतं. तेवढ्यात त्या काव्यातला एक हुतात्मा बायकोला घेऊन दारात उभा राहिला.

ब्लाझ तुर्कांच्या कैदेतून नुकताच सुटून आला होता. पण चौकात काव्याचं वाचन आधीच झालेलं. त्यात तो किल्ल्याच्या दाराशी तलवार उपसून असा काही पडला होता, की सगळा मासळीबाजार रडला होता. आता लोक त्याच्याकडे तोतया असल्यासारखं संशयाने बघत. पाद्रीबुवासुद्धा आधी चौकशी करू म्हणत होते.

"कविराज, यांना जिवंत करा," त्याची बायको फिलिपा म्हणाली. "एका शब्दाचं तर काम."

कर्शेवानला रडू यायचंच बाकी राहिलं. त्यांच्याकडच्या काव्यात ओळीच्या मध्ये यमक, शेवटी यमक, आणि शेवटचं यमक पुढच्या दोन ओळींच्या मध्ये पुन्हा. मोज्याचा एक टाका सुटला की टाचेपर्यंत उसवतं. ब्लाझ मेला होता तोही देशासाठी नव्हे, यमकासाठी. पण हे त्या बाईला सांगायचं कसं?

त्याने पुन्हा लिहायला घेतलं. ब्लाझ जगला तर बुरूज ढासळेना. बुरूज पाडला तर सेनापतीचा घोडा बिनयमकाचा राहिला. गलबत निघून गेलं, ताटातले खारवलेले मासे वाळले. शेवटी वैतागून त्याने जुळेल तो शब्द घातला आणि दोघांना बोलावून थकल्या आवाजात वाचून दाखवलं. सगळे वीर दार उघडून शत्रूवर तुटून पडतात, आणि ब्लाझ दारूच्या रिकाम्या पिंपात बसून जगतो.

"पिंप यमकापुरतं आहे," तो घाईने म्हणाला. "मनावर घेऊ नका."

ब्लाझ पांढराफटक पडला होता. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

फिलिपा नवऱ्याकडे बघतच राहिली. तो घरी आल्यापासून त्याच्या दंडावरच्या व्रणाला ती रोज ऑलिव्हचं तेल चोळत होती.

"मला तर भाला लागला म्हणालात."

"पिंपाला खिळा होता," ब्लाझ पुटपुटला.

 फिलिपा डोक्याचा रुमाल सारखा करत उठली.

"कविराज, तुम्हाला फार त्रास होतोय, कळतं मला. पण यांना परत मारा."

ब्लाझने मुकाट्याने दौत कर्शेवानपुढे सरकवली.