राघू छाप युसूफचाचा

आमच्या मंगरूळपीरच्या दुकानात चिवड्याचं पाकीट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पाकीट हातात धरून ताटकळत उभं असतं, कारण युसूफचाचांनी अजून ते पास केलेलं नसतं.

चाचा रोज सकाळी येतात. दुकानासमोरच्या बाकावर बसतात, सदऱ्याच्या खिशातून छोटं जाड भिंग काढतात आणि समोर लटकलेल्या माळांमधलं एखादं पाकीट डोळ्याला लावतात. आत काय आहे, किती ग्रॅम आहे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. थोडा वेळ श्वास रोखून पाहिलं की निकाल लागतो. "पास!" किंवा "नापास. टमाट्याचं लाल टमाट्याच्या बाहेर चाललं. कोन छापलं बे हे?"

"चाचा, गिऱ्हाइकाले चिवडा खायचा आहे," मी म्हणते.

"खाऊ दे ना बेटी. पन काय खाऊन राह्यला ते तं समजू दे त्याले."

दुकान माझ्या सासऱ्यांचं. आता मी चालवते, आणि सासऱ्यांनी शेल्फ, तराजू यांच्याबरोबर चाचाही मला वारशात दिले आहेत. चाचांचं सगळं कर्तं वय गेलं गुजरातेत, पाकिटं छापायच्या एका कारखान्यात. रोटोग्रॅव्ह्युअरचं यंत्र चालवायचे. त्यांच्या भाषेत नुसतं 'रोटो'. तांब्याच्या सिलिंडरवर सुईच्या टोकाएवढे खड्डे कोरलेले असतात, त्यांत शाई भरते, वरची जादा शाई पातं पुसून नेतं आणि राहिलेली शाई धावत्या प्लॅस्टिकवर उतरते. एका रंगाला एक सिलिंडर. पिवळ्यावर लाल, लालवर निळा, सगळे रंग एकमेकांवर नेमके बसले पाहिजेत. त्या बसण्याला रजिस्टर म्हणतात. एखादा रंग केसभर सरकला की झालं, रजिस्टर हललं. हे सगळं मला कसं माहीत, असं विचारू नका. आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. साखर घ्यायला आलेला माणूस साखर आणि रोटो दोन्ही घेऊन जातो.

निवृत्त होऊन चाचा गावी आले, तरी त्यांचं रजिस्टर सुटलं नाही. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात, रजिस्टर बसलेली आणि हललेली. पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले की म्हणणार, "बोलते निळं अन् करते पिवळं. रजिस्टर हललं त्याचं." एखाद्या लग्नात नवरानवरी शोभून दिसली की भिंग न लावताच "पास!" मी घाईघाईत दुकानात आले तर तिथंही सुटका नाही. "बेटी, कुंकवाचं रजिस्टर हललं." मी आरशात पाहते. हललेलं असतंच.

जुनी माणसं नव्या यंत्रांना नावं ठेवतात, तसं मात्र चाचांचं नाही. जुने सोबती त्यांना मोबाइलवर नव्या यंत्रांचे व्हिडिओ पाठवतात, आणि चाचा ते नातवाचे फोटो दाखवावेत तसे सगळ्यांना दाखवतात. "आता सिलिंडर लेझरनं कोरते म्हनतात. खड्डा असा साफ का पाहातच राहावं. अन् कॅमेरा! एकेक पाकीट पाह्यते. रंग हलला तं मशीन सोताच जागेवर आनते. आमी बावा चमकत्या लाइटीत डोळे फोडले, चाकं फिरवू फिरवू हाताले घट्टे पडले. शाईचा वास तं असा होता का घरी आलो तरी जेवन शाईवानी लागे. आता पान्याची शाई निंगाली म्हनते."

"मंग तुमाले वाईट नाई वाटत?"

"कायले? मशीन चांगली झाली तं मले कायले वाईट वाटन?"

एवढा मोकळ्या मनाचा माणूस. पण राघू छाप चहाचं पाकीट बदललं आणि चाचा बिथरले.

राघू छापचं जुनं पाकीट तुम्ही पाहिलं असेल तर विसरणार नाही. झगझगीत पिवळं, त्यावर हिरवागार राघू, लालभडक चोच आणि चोचीत चहाची पानं. ते पाकीट वर्षानुवर्षं चाचांच्याच यंत्रावर छापलं गेलं. सगळ्यात अवघड जागा म्हणजे ती चोच. लाल रंग जरा सरकला की चोच राघूच्या डोळ्यात जायची. चाचा तिकडं असताना त्यांच्या बायकोला, जुलेखाचाचीला, इथं सगळा बाजार राघूमुळंच ओळखायचा. चाची मूळची आसेगावची, शेतकऱ्याची लेक, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. दुकानात आली की राघूचं पाकीट उंच धरायची आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकवायची, "हे माह्या मानसानं छापलं! पाहा चोच!" पुढं तिचं येणं बंद झालं. विचारलं की चाचा म्हणायचे, "गुडघे दुखते तिचे."

तर ते पाकीट बदललं. नवं आलं ते तपकिरी, हाताला मखमलीसारखं लागणारं, राघूच्या जागी नुसती एक बारीक रेघ. चाचांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं.

"काम एक नंबर आहे," ते म्हणाले. "रजिस्टर पक्कं. पन राघू कुठी गेला?"

"फॅशन आहे चाचा. आता असंच चालते."

"जुनं पाकीट आहे काय तुह्यापाशी?"

होती तेवढी दिली. थोड्या दिवसांनी पुन्हा हजर. "अजून आहे काय?" नाही म्हटलं तर त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग चाचांनी आपली खडखडणारी मोपेड काढली आणि गावोगावची दुकानं पालथी घालायला सुरुवात केली. खेड्यातल्या दुकानात जुना माल पडून असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

इंझोरीच्या एका दुकानदाराचा मला फोन आला. आमची घाऊक मालाची ओळख. घाबराघुबरा झालेला. "ताई, एक मानूस आला. भिंग लावून माल पाहून राह्यला. जुनी तारीख असलेला माल मागते. अन्न खात्याचा साहेब आहे काय? मी त्याले खुर्ची देल्ली, थंडा देल्ला, आर्धं शटर ओढलं. आता काय करू?"

"दाढी पांढरी आहे काय?"

"हाव."

"टमाट्यावर काही बोलला काय?"

"नापास म्हने!"

मी हसत हसत त्याला सांगितलं, घाबरू नका, आमचेच चाचा आहेत ते. तर त्याचा दुसरा प्रश्न तयार. "मंग ताई, हा मानूस चहाचे पैसे देऊन चहा परत कायले देऊन राह्यला? म्हनते, चहा तुमीच ठेवा, मले पाकीट द्या!"

धनजलाही हाच प्रकार झाला. तिथं तर चाचांनी पाकीट ब्लेडनं वरून अलगद कापून चहा दुकानदाराच्या डब्यात ओतला आणि रिकामं पाकीट लेकराला झोपवावं तसं रुमालात गुंडाळून नेलं. बाजारात ही गोष्ट पसरली आणि लोकांना चेव आला. "चाचा, राघू उडाला काय?" असं येताजाता कुणीही विचारायचं. मीही विचारायची. मला वाटायचं, माणसाला आपल्या हातच्या कामाचा अभिमान असतो, भिंतीवर लावायला हवं असेल.

म्हणून मी एकदा सुचवलं, "वाशीमले कॉम्प्युटरवर पाकिटाचा फोटो काढून छापून देतात. तसं करा."

चाचांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "करून पाह्यलं. कागदावर निंगते ते. हातात घेतलं का समजते तिले." मग एकदम थांबले. "समजते म्हनजे, समजते मानसाले. अन् रोटोवर एक पाकीट निंगत नाही बेटी. निंगाले तं गाडीभर निंगते."

ते 'तिले' माझ्या कानावर आलं आणि तसंच निघून गेलं. समोर तेल मागणारं गिऱ्हाईक उभं होतं.

मग चाचा यायचेच बंद झाले. बाक रिकामा, पाकिटं बिनतपासणीची. गिऱ्हाइकं चुकल्याचुकल्यासारखी पाकीट हातात धरून क्षणभर थांबायची. मला करमेना, पण तसं कबूल करायलाही तयार नव्हते. शेवटी एक दिवस दुकान झाडताना दारामागच्या खिळ्यावर, टांगलेल्या केरसुण्यांच्या मागं, राघू छापच्या लहान पुड्यांची एक अख्खी माळ सापडली. धुळीनं भरलेली, पण फडक्यानं पुसली तर पिवळा रंग तस्साच. मी शटर ओढलं आणि माळ घेऊन चाचांच्या घरी गेले.

दार चाचीनंच उघडलं. गुडघे ठणठणीत होते. मला आत ओढत म्हणाली, "ये ये, बस. तू कोनाची?" मला वाटलं थट्टा करते. तेवढ्यात चाचा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले, आणि चाचीनं झटकन डोक्यावरचा पदर पुढं ओढून तोंड फिरवलं. परक्या पुरुषासमोर ओढतात तसा.

"हे पाव्हने कवाचे आले, जातच नाहीत," ती माझ्या कानाशी कुजबुजली. तिची कुजबुज म्हणजे आमचं बोलणं. "पन मानूस चांगला हाये. मले चहा करून देते."

मी चाचांकडं पाहिलं. चाचा खाली पाहत तांब्या ठेवत होते. चुलीशेजारच्या फळीवर राघूचं एक जुनं पाकीट उभं होतं, घड्यांवर रंग उडालेलं, एका कडेनं फाटलेलं. तोंडाला चिमटा लावलेला, आत नवा चहा भरलेला.

"आनलेली सगळी फाटली, हे शेवटचं," चाचा हळूच म्हणाले. "रंगही गेला. तपकिरी पुडा देल्ला तं फेकून देते. म्हनते, हे घर माह्यं नाही, मले आसेगावले नेऊन द्या."

मी पिशवीतून माळ काढली.

चाचीचा चेहरा असा फुलला की काय सांगू. माळ तिनं दोन्ही हातांनी उंच धरली आणि तिचा तो जुना, रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज निघाला. "राघू! हे माह्या मानसानं छापलं! पाहा चोच!"

मला रडू आलं. हसूही आलं. माझ्या कुंकवाचं रजिस्टर तेव्हा कुठल्या कुठं गेलं असेल.

चाचांनी खिशातून भिंग काढलं. जरा लांबच, पाहुण्याच्या अदबीनं बसले आणि एक पुडी डोळ्याला लावली. श्वास रोखून पाहिलं. मग मान हलवत म्हणाले, "पन बाई, चोचीचं रजिस्टर हललं दिसते."

"हट!" चाची उसळली. पदर मागं पडला तरी तिला भान नव्हतं. "माह्या मानसाच्या हातचं कधीच हलत नाही! ईदले येईन तो. त्यालेच इचारजा, मंग समजन तुमाले."

"इचारतो," चाचा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. "मीबी त्याचीच वाट पाहून राह्यलो."

मग ते उठले, माळेतली एक पुडी सांभाळून कापली आणि तिघांसाठी चहा टाकला.